सासूबाईंच्या जिन्याखालचा वंशवृक्ष आणि १६२४ चा विणकर

सुरंगी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय आणि तोही असल्या विषयावर. सांभाळून घ्या.

माझं माहेर कुडाळचं, सासर न्यू जर्सीतल्या बर्गन काउंटीतलं. नवरा इथलाच, गोरा. सासूबाईंच्या घरी जिन्याखाली एक भलीथोरली फ्रेम आहे, त्यात छापील वंशवृक्ष. सगळ्यात वर मुकुट आणि ढाल. त्याखाली गास्पार कोले द रापाल्ये, फ्रान्सच्या राजाचा सेनाधिकारी. मग काही पिढ्यांनी योरिस यान्सेन द रापाल्ये, जो १६२४ साली डच जहाजातून इथे आला. तिथून फांद्या फुटत फुटत अगदी तळाशी सासूबाईंच्या पणजीचं नाव, ते मात्र शाईने हाती लिहिलेलं. लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा आपल्याकडे देवघर दाखवतात तशी ही फ्रेम मला दाखवली होती.

गेल्या महिन्यात लेकीला शाळेतून वंशवृक्ष करायला सांगितला. माझी बाजू पाच मिनिटांत संपली: खापरपणजोबांपर्यंत नावं, पुढची वही वाळवीने खाल्ली. वडिलांची बाजू म्हणून ती फ्रेम उतरवून बसली आणि विचारते, "आई, हे खरं कशावरून?"

मी म्हटलं आजीला विचार. आजी म्हणाली, "छापलंय ना!"

तेव्हापासून माझी झोप उडालीय. आत्तापर्यंत जमवलेलं सांगते. डचांची वेस्ट इंडिया कंपनी १६२१ ची. तिने १६२४ मध्ये न्यू नेदरलँडला, म्हणजे आजच्या न्यू यॉर्कच्या आसपास, जेमतेम तीसेक कुटुंबं धाडली. त्यात बहुतेक वालून, दक्षिणेकडची फ्रेंच बोलणारी प्रोटेस्टंट माणसं. म्हणजे आमचे 'डच पूर्वज' मुळात डच नव्हतेच! योरिस आणि त्याची बायको कातालिना त्रिको त्या पहिल्या खेपेतले. आधी वर हडसन नदीकाठी फोर्ट ऑरेंजला (आजचं ऑल्बनी) राहिले, तिथे १६२५ मध्ये मुलगी सारा झाली. या वसाहतीत जन्मलेलं ते पहिलं युरोपियन मूल म्हणतात. मग मॅनहॅटन, आणि १६३७ मध्ये ब्रुकलिनच्या वॉलाबाउट खाडीवर जमीन.

प्रश्न दोन. योरिसच्या वरचा तो सेनाधिकारी खरा का? आणि सासूबाईंपासून वर जाताना मी १७९० च्या आसपास कॅथरीन नावाच्या एका बाईपाशी अडकलेय. फ्रेममध्ये तिचा बाप म्हणून योरिसचा मुलगा डॅनियल याच्या शाखेतला एक गृहस्थ दाखवलाय. बर्गनच्या सगळ्या चर्चच्या नोंदी पाहिल्या, कुठेच तिचा बाप्तिस्मा नाही. आता काय करू?

धांदरट

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

मोडीवाला

सुरंगीताई, धागा झकास. पण एक चूक सगळेच करतात, तुम्हीही केलीत. मोठ्या पूर्वजापासून खाली उतरत येऊ नये. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांचं काम करताना मी हेच भोगलंय. मूळपुरुष आधी ठरलेला, मग मधल्या पिढ्या ओढूनताणून जुळवलेल्या. खालून वर चढा, प्रत्येक पायरीला कागद हवा. नसेल तर तिथेच थांबायचं.

सेनाधिकाऱ्याचं म्हणाल तर तो काढून टाका. खानदानी फ्रेंच वंशाची ती कथा १९ व्या शतकातल्या वंशावळींतून पसरलेली आहे. त्या काळात न्यू यॉर्कात जुनं डच रक्त असणं फार प्रतिष्ठेचं झालं होतं. हॉलंड सोसायटी १८८५ ची. तिच्या सभासदत्वाची अट काय होती, तर १६७५ पूर्वी वसाहतीत राहिलेल्या माणसापासून थेट पुरुषवंश. अशी अट आली की ढाली-मुकुट आपोआप उगवतात. आपल्याकडे नाही का, १९ व्या शतकात निम्मा महाराष्ट्र राजपुतान्यातून आला होता.

कागद काय म्हणतो ते बघा. ॲमस्टरडॅमच्या दप्तरात जानेवारी १६२४ ची यांच्या लग्नाची नोंद आहे. योरिस, वय १९, गाव व्हॅलेन्सिएन, धंदा बोरात नावाचं कापड विणणं. कातालिना, वय १८. सोबत आईबाप कोणाचेच नाहीत, तिची एक बहीण तेवढी आलेली. दोघांनाही लिहिता येत नव्हतं, सहीच्या जागी खुणा. सेनाधिकाऱ्याच्या घराण्यातला मुलगा हाताने कापड विणतो आणि निशाणी डावा अंगठा करतो, हे मला तरी पटत नाही.

सुरंगी

मोडीवाला, तुम्ही तर फ्रेमची काचच फोडलीत. सासूबाईंना कोणत्या तोंडाने सांगू?

पण एक शंका. फ्रेममध्ये कातालिना पॅरिसची लिहिलीय. १६८८ मध्ये तिने म्हातारपणी एक जबानी दिली होती, ती मी वाचली. वय सुमारे ८३, आणि तिथेही सरळ लिहिलंय, जन्म पॅरिसचा. मग पॅरिस तरी खरं ना?

मोडीवाला

मलाही आधी तसंच वाटलं होतं. लग्नाच्या नोंदीत गाव आहे 'प्रिस', आणि पुढे 'वालूनांच्या मुलखातलं' असा खुलासा. पॅरिस काही वालूनांच्या मुलखात नाही. ते गाव म्हणजे प्रिश, आज फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सीमेजवळ. ६४ वर्षांनी ब्रुकलिनमध्ये एका इंग्रज कारकुनासमोर म्हातारीने तेच नाव घेतलं असणार आणि त्याला ठाऊक असलेलं गाव त्याने लिहून टाकलं. मोडी कागदांत असल्या गफलती रोजच्या. कारकून कानाने लिहितो आणि आपण त्याला वेदवाक्य मानतो.

ती जबानी मात्र जपून वाचा, सोनं आहे. म्हातारी सांगते, ती आली त्या जहाजाचं नाव 'एकी', म्हणजे डचमध्ये 'एंड्राख्त'. बरोबरच्या चार बायकांची लग्नं भर समुद्रात लागली. ऑल्बनीला तीन वर्षं काढली, तिथले मूळ रहिवासी कोकरासारखे शांत होते, खुशाल येऊन व्यापार करत.

कालनिर्णयी

थोडं अवांतर. त्याच जबानीत ती आल्याचं साल १६२३ आहे, आणि तुम्ही म्हणता लग्न जानेवारी १६२४ चं. लग्नाआधीच पोचली?

इथे मला वाटतं पंचांगाचा घोळ असावा. हॉलंड प्रांताने नवं कॅलेंडर १५८२ च्या अखेरीसच घेतलं. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्यावर अडून बसले आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणजे जानेवारी १६२४ हा इंग्रज कारकुनाच्या हिशेबाने १६२३ च! वर दहा दिवसांचा फरक वेगळाच. वसाहत १६६४ मध्ये डचांकडून इंग्रजांकडे गेली, त्यामुळे त्यानंतरच्या प्रत्येक जानेवारी ते मार्चच्या तारखेवर प्रश्नचिन्ह लावूनच ठेवा.

मोडीवाला

युक्तिवाद चांगला, पण इथे लागू नाही. लग्न जानेवारीत ॲमस्टरडॅमला झालं असेल तर जहाज इथे पोचेपर्यंत २५ मार्च उलटून गेलेला. उतरली ती कोणत्याही पंचांगाने १६२४ मध्येच. आणि १६८५ मध्ये दिलेल्या आधीच्या एका जबानीत ती स्वतःच 'तेवीस किंवा चोवीस' म्हणते. ऐंशीच्या पुढची बाई आहे हो, एक वर्ष इकडे तिकडे चालायचंच. माझी आजी स्वतःचा जन्म 'मोठ्या प्लेगच्या साली' एवढाच सांगायची.

उट्रेख्तकर

उशिरा आलो, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मला बोलायचंय. मी नेदरलँड्समध्ये बारा वर्षं आहे.

तुम्ही आडनावाने शोधताय, तिथेच फसताय. त्या काळच्या डच माणसाला बहुधा आडनाव नसायचंच. यान्सेन म्हणजे यानचा मुलगा. योरिस यान्सेनच्या मुलाला लोक यान योरिसेन म्हणणार. बापाचं नाव पुढच्या पिढीत बदलतं, अगदी आपल्या मधल्या नावासारखं. आणि 'व्हान' म्हणजे आपलं 'कर'. माझ्या घरापासून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर दे बिल्ट नावाचं गाव आहे. तिथून १७ व्या शतकात यान आर्टसन नावाचा एक माणूस अमेरिकेला गेला. त्याचे वंशज व्हँडरबिल्ट. म्हणजे चक्क बिल्टकर! इंग्रजी अमलात कायमचं आडनाव हवं झालं तेव्हा एका भावाने गावाचं घेतलं, दुसऱ्याने आजोबाच्या नावाचं केलं, तिसऱ्याने धंद्याचं. सख्खे भाऊ, आडनावं तीन.

मग धरायचं काय? बायका धरा. डच नोंदीत बाई लग्नानंतरही माहेरच्या नावानेच राहते. कातालिना मरेपर्यंत त्रिकोच राहिली, विधवा झाल्यावरही. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाप, आई (माहेरच्या नावानिशी) आणि साक्षीदार असतात. हे साक्षीदार बहुधा आजी-आजोबा, मामा, काका, आत्या असतात, उगाच शेजारचे नव्हेत. दुसरं, बारशाची रीत. पहिल्या दोन मुलांना दोन आजोबांची नावं, मुलींना आज्यांची. मूल दगावलं तर पुढच्याला पुन्हा तेच नाव. तुमच्या कॅथरीनच्या मुलांची नावं क्रमाने लिहून काढा, तिचे आईबाप आपोआप दिसतील.

आणि कॅथरीन हे तिच्या थडग्यावरचं इंग्रजी नाव. डच पुस्तकात ती त्र्येंत्ये असेल. किंवा... असो, तुम्हीच शोधा.

तात्या_वेंगुर्लेकर

वा वा, डचांचा विषय आणि आमची आठवण नाही? वेंगुर्ल्यात डचांची वखार १६३७ पासूनची. पडक्या भिंती अजून उभ्या आहेत, आत झाडं माजलीत. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो, वटवाघळांना घाबरून पळायचो. सुरंगी, कुडाळची पोर डचांच्या घरात पडली म्हणजे व्याहीभोजन जुनंच म्हणायचं! त्या वखारीतल्या कोणा डचाचा भाऊ तुझ्या न्यू यॉर्कात नसेल कशावरून?

उट्रेख्तकर

तात्या, गंमत कळली, पण नवख्या शोधकांचा इथे हमखास गोंधळ होतो म्हणून सांगतो. वेंगुर्ल्याची वखार ईस्ट इंडिया कंपनीची, न्यू यॉर्कची वसाहत वेस्ट इंडिया कंपनीची. दोन वेगळी दुकानं. ईस्टवाल्यांचं दप्तर हेगमध्ये चांगलं टिकलंय. १८ व्या शतकातल्या खलाशी-शिपायांचे पगाराची खातीदेखील जहाजवार मिळतात. वेस्टवाल्यांचे जुने कागद १८२१ मध्ये सरकारनेच रद्दीत विकले. त्यामुळे 'पहिल्या जहाजाची प्रवाशांची यादी' म्हणून जालावर जे फिरतं ते मागाहून जुळवलेलं असतं, अस्सल नव्हे.

तात्या_वेंगुर्लेकर

रद्दीत?! आमच्या ग्रामपंचायतीने डचांकडूनच धडे घेतले म्हणायचे.

मोडीवाला

अमेरिकेत उरलेल्या दप्तराचीही कथा ऐका. ऑल्बनीच्या राज्य ग्रंथालयाला मार्च १९११ मध्ये भीषण आग लागली. डच कागद खालच्या फळ्यांवर आणि इंग्रजांचे जाडजूड खंड वर. इंग्रजांचे खंड जळत जळत खाली पडले आणि त्यांच्या ढिगाखाली डच कागद कडा करपून का होईना, वाचले. १९७४ मध्ये चार्ल्स गेरिंग यांनी त्यांचं भाषांतर करायला घेतलं. उभं आयुष्य एका दप्तरात. आपल्याकडच्या दप्तरांचा विचार मनात येतो आणि बोलणं खुंटतं.

अवल

कौतुक चाललंय ते चालू द्या, पण मला काही खटकतंय. वॉलाबाउटची 'जमीन घेतली' असं सहज लिहिलंय. ती कोणाची होती? आणि १६४३ मध्ये त्याच वसाहतीच्या गव्हर्नरने, कीफ्टने, रात्रीत आश्रयाला आलेल्या मूळ रहिवाशांची कत्तल करवली. 'कोकरासारखे शांत' म्हणणाऱ्या म्हातारीने तेही पाहिलं असणार.

सुरंगी

अवल, बरं झालं विषय काढलास. १६४१ मध्ये कीफ्टने सल्ल्याला बारा जण निवडून घेतले, त्यात योरिस होता. त्या बारांनी सबुरीचा सल्ला दिला. फेब्रुवारी १६४२ मध्ये कीफ्टने मंडळच मोडीत काढलं, आणि वर्षभराने कत्तल. म्हणून योरिस धुतल्या तांदळाचा होतो असं मी म्हणत नाही. जमीन त्याच्याच नावावर होती. आणि चर्चच्या त्याच पुस्तकांत बाप्तिस्म्यांच्या रांगेत 'व्हान अंगोला' अशी नावं येतात. गुलाम करून आणलेली माणसं. त्यांच्यातल्या अकरा पुरुषांना १६४४ मध्ये अर्धवट स्वातंत्र्य मिळालं: स्वतःला मोकळीक, पण मुलं कंपनीचीच. उट्रेख्तकरांचं 'व्हान म्हणजे कर' वाचून मला हसू आलं होतं, ही नावं पाहिल्यावर गेलं.

अवल

डचांच्या दुसऱ्या वसाहतीत, दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनकडे, तर तुमच्या-आमच्या बाजूची माणसं आहेत. आंगेला व्हान बेंगाल १६६६ मध्ये गुलामीतून सुटली, १६६९ मध्ये एका गोऱ्या वसाहतकाराशी लग्न केलं. कित्येक आफ्रिकानेर (तिथल्या डच वळणाच्या गोऱ्या) घराण्यांच्या झाडात ती बसलीय. तिच्या गावाचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही. आख्खा बंगाल हेच तिचं गाव.

गणितगाढव

एवढी कागदं कशाला चिवडता, थुंकी पाठवा डीएनए चाचणीला, विषय संपला.

मोडीवाला

नावाला जागलात. बारा पिढ्या वर गेलं की पूर्वजांच्या ४,०९६ जागा होतात. त्यातल्या एका विणकराचा अंश सासूबाईंच्या थुंकीत उतरला असेलच असं नाही. शिवाय ही मंडळी पिढ्यानपिढ्या चार गावांत आपापसांत लग्नं करत होती. चाचणीत अर्धं न्यू जर्सी तुमचं चुलत निघेल आणि कोणत्या वाटेने ते कळणार नाही. कातालिनाला एक प्रवासी, यास्पर डांकार्ट्स, १६८० मध्ये भेटला होता. तो लिहितो की तेव्हाच तिची मुलं-नातवंडं-पतवंडं मिळून १४५ होती. आज ती संख्या कुठे गेली असेल याचं त्रैराशिक तुम्हीच मांडा.

सुरंगी

डांकार्ट्सने लिहिलेलं मीही वाचलं! एवढा गोतावळा, तरी म्हातारी सगळ्यांपासून थोडी बाजूला, एकटी राहायची. छोटी बाग, आपलं आपण करून खायची. का कोण जाणे, मला माझी कुडाळची आजीच दिसली. परसातला अळू, दोन पपया, आणि "मी कोणाकडे येऊची नाय".

उट्रेख्तकर

आणखी एक. तुम्ही बर्गनमध्येच का शोधताय? सासूबाई आज तिथे राहतात म्हणून? १८ व्या शतकात ब्रुकलिनची कितीतरी डच कुटुंबं जमीन पुरेना म्हणून न्यू जर्सीतल्याच रॅरिटन नदीच्या खोऱ्यात उतरली. न्यू ब्रन्सविक, सिक्स माइल रन इथल्या चर्चची पुस्तकं बघा. आणि आडनाव एकाच स्पेलिंगने शोधू नका. रापेलिये, रॅपल्या, रपालिए, जे कानावर पडलं ते लिहिलंय.

सुरंगी

मंडळी, मिळालं!!

आधी न्यू जर्सीच्या जनगणनेत डोकं आपटलं. १७९० ते १८२० च्या बहुतेक गहाळ, आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहायला लागले ते १८५० पासून. म्हणून उट्रेख्तकरांचं ऐकून कॅथरीनच्या मुलांची नावं कागदावर क्रमाने मांडली. दुसरा मुलगा जेरोम. हे नाव नवऱ्याच्या घराण्यात कुठेच नाही, म्हणजे आईकडच्या आजोबाचं. जेरोम म्हणजे डचमध्ये येरोनिमस. आणि येरोनिमस हा योरिसचा दुसरा एक मुलगा, डॅनियलचा भाऊ! त्याच्या शाखेत हे नाव पिढ्यानपिढ्या फिरतं.

मग रॅरिटनकडच्या चर्चची छापील पुस्तकं घेतली. त्र्येंत्ये शोधून शोधून डोळे गेले, नाहीच. रात्री पावणेबाराला पान उलटताना दिसलं: बाप येरोनिमस, आडनाव असं लिहिलंय की मोठ्याने वाचल्याशिवाय ओळखू येत नाही, आईचं माहेरचं नाव जुळतंय, साक्षीदार आईचा भाऊ. आणि बाळाचं नाव कातालिंत्ये.

त्र्येंत्ये नाही. कातालिंत्ये! दीडशे वर्षांनी पणजीच्या पणजीचं नाव पोरीला ठेवलेलं. पुढे इंग्रजी थडगं कोरणाऱ्याने तिची कॅथरीन केली. मी एवढ्या जोरात ओरडले की नवरा उठून आला, त्याला वाटलं कुडाळहून फोन आला.

म्हणजे फ्रेमची एक फांदी चुकलीय, डॅनियलऐवजी येरोनिमस. आणि बाळाचा बाप ते पहिला येरोनिमस यांच्या मधल्या एका पिढीचा कागद अजून मिळाला नाहीये. तिथे मी पेन्सिलीने तुटक रेघ मारलीय.

मोडीवाला

तुटक रेघेबद्दल अभिनंदन. पुढे मृत्युपत्रं बघा. मुलींची नावं त्यात सापडतात, कोणाला गाय, कोणाला पलंग आणि उशा.

धांदरट

सासूबाईंना सांगितलं का??

सुरंगी

रविवारी सांगितलं. लेकीनेच सांगितलं खरं तर, तिच्या वहीतून वाचून. राजाचा सेनाधिकारी नाही, कापड विणणारा एकोणीस वर्षांचा मुलगा, सही न येणारा. सासूबाई बराच वेळ गप्प. मग विचारलं, "आणि ती मुलगी? अठरा वर्षांची? एकटीच आली एवढ्या लांब?" मी म्हटलं हो, लग्न करून लगेचच जहाजात बसली. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तूही तशीच आलीस की."

फ्रेम काढणार नाही म्हणाल्या, खिळ्याचा डाग दिसतो. पण काल गेले तेव्हा मुकुटावर, काचेवरच, पिवळी चिकटचिठ्ठी होती. त्यांच्या थरथरत्या अक्षरात 'विणकर, व्हॅलेन्सिएन'. खाली कातालिनाच्या नावापुढचं पॅरिस खोडायला काच उघडता येईना, म्हणून तिथे लेकीने दुसरी चिठ्ठी लावलीय. 'प्रिश' हे तिने देवनागरीत लिहिलंय.